रंगापेक्षा जीव मोठा

चैत्र सरतो आणि ऊन तापू लागते. वैशाखात तर भर दुपारी रस्त्यावर कुत्रेसुद्धा दिसत नाही. पण माणूस दिसतो. शेतात खुरपणारी बाई दिसते. रस्त्याच्या कामावर खडी टाकणारा गडी दिसतो. डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकणारी मावशी दिसते. पोटासाठी उन्हात जावेच लागते. तेव्हा "उन्हात जाऊच नका" असा फुकाचा उपदेश आम्ही करणार नाही. उन्हात जाताना काय सांभाळायचे आणि कोणती भीती सोडायची, एवढेच या पाठात पाहू.

आपण उन्हाला का भितो?

घरोघरी एक वाक्य ऐकू येते. "अगं, उन्हात जाऊ नकोस. काळी पडशील. मग लगीन कसं जमायचं?" हे मुलीला सांगतात. मुलाला काय सांगतात? काहीच नाही. तो उघड्या डोक्याने दिवसभर हुंदडतो. म्हणजे मुलीसाठी भीती आहे ती रंगाची, आणि मुलासाठी भीतीच नाही. दोन्ही चूक आहे. ऊन मुलगा-मुलगी पाहत नाही. गोरा-काळाही पाहत नाही. ज्याच्या अंगातले पाणी आटले, त्याला ते लागते.

जगात उलटी तऱ्हाही आहे. गोव्याच्या समुद्रकाठी परदेशातले गोरे पाहुणे येतात. ते वाळूत मुद्दाम उन्हात पडून राहतात. कशासाठी? अंग रापावे म्हणून! आपण गोरे होण्यासाठी धडपडतो, आणि ते सावळे होण्यासाठी. ज्याला जे नाही, त्याला त्याची हाव. पण त्यांच्या गोऱ्या कातडीला ऊन सोसत नाही. ऑस्ट्रेलियात गोऱ्या लोकांची वस्ती मोठी आणि ऊनही कडक. तिथे कातडीच्या कर्करोगाचे प्रमाण जगात फार वरचे आहे. म्हणून १९८१ साली तिथे लोकांना शिकवायची एक मोहीम निघाली. अंगात सदरा घाला, उघड्या अंगाला मलम लावा, डोक्यावर टोपी घाला, असे तिचे सोपे सांगणे होते.

सावळा रंग ही आपली छत्री

आपली कातडी सावळी का असते? कातडीत रंगाचे बारीक कण असतात. त्याला मेलॅनिन म्हणतात. कातडी अगणित पेशींची बनलेली असते. प्रत्येक पेशीच्या पोटात एक गाभा असतो. ऊन लागले की हे रंगाचे कण त्या गाभ्यावर छत्रीसारखे पसरतात. उन्हातले जे किरण गाभ्याला इजा करतात, ते ही छत्री पुष्कळसे अडवते. ऊन वाढले की शरीर आणखी कण तयार करते. यालाच आपण रापणे म्हणतो.

तेव्हा रापलेला हात हा काही डाग नव्हे. शरीराने जिवासाठी उघडलेली ती छत्री आहे. गोऱ्या लोकांच्या मानाने आपल्याकडे उन्हामुळे होणारा कातडीचा कर्करोग कमी, तो या छत्रीमुळेच.

पण ही छत्री सगळ्यांकडे सारखी नसते. ज्याच्या अंगावर कोड आहे, त्याच्या पांढऱ्या डागात हे कण नसतात. काही मुले जन्मतःच पांढरी असतात, केससुद्धा पांढरे. त्यांच्याही कातडीत ही छत्री नसते, आणि डोळ्यांना उजेड सोसत नाही. अशांना ऊन लवकर पोळते. त्यांनी अंगभर कपडा घालावा आणि डॉक्टरांना विचारून उन्हाचे मलम लावावे. बायकांच्या गालावर वांग येतो, तोही उन्हाने वाढतो. त्यांनीही तोंडावर सावली धरावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ही छत्री कातडीची आहे, डोळ्यांची नव्हे. वर्षानुवर्षे कडक उन्हात काम केले तर मोतीबिंदू होण्याचा धोका वाढतो. म्हणून कडा असलेली टोपी घालावी, किंवा फेट्याचा, पदराचा काठ कपाळावर पुढे ओढावा.

ऊन लागते म्हणजे काय?

सावळी कातडी किरण अडवते, पण उष्णता अडवत नाही. खरा घात इथे होतो.

आपल्या अंगाची उष्णता सुमारे ३७ अंश असते. बाहेर ऊन वाढले की घाम येतो. घाम वाळला की अंग निवते. माठातले पाणी जसे गार होते, तसेच हे. पण माठात पाणीच नसेल तर? माणसाने पाणी प्यायले नाही, तर घामाला पाणी कुठून येणार? मग अंग तापत जाते. ते ४० अंशांच्या वर गेले आणि डोके फिरले, की त्याला उष्माघात म्हणतात. विदर्भात लोक म्हणतात, लू लागली. त्यात माणूस दगावतो.

चंद्रपूर, नागपूर, अकोला या बाजूला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. पण फक्त तिकडेच धोका आहे असे समजू नका. कोकणपट्टीत हवा दमट असते. तिथे घाम येतो, पण वाळत नाही. म्हणून कमी पाऱ्यातही अंग निवत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईजवळ खारघरला एक मोठा सरकारी समारंभ झाला. लाखो माणसे मैदानात भर उन्हात बसली होती. त्यांच्या डोक्यावर मांडव नव्हता. त्या दिवशीच्या उन्हाने १४ माणसे गेली. ती काही खडी फोडत नव्हती. नुसती बसली होती.

उष्माघाताची खूण अशी. अंग चटका बसेल इतके तापते. घाम कधी थांबतो, कधी येतच राहतो. माणूस बरळतो, ओळखेनासा होतो, उलटी करतो, झटके येतात, बेशुद्ध पडतो. अशा वेळी "जरा पडू द्या, बरं वाटेल" असे म्हणत बसू नका. त्याला सावलीत न्या. कपडे सैल करा. अंगावर गार पाणी ओता आणि वारा घाला. मानेवर व काखेत ओली फडकी ठेवा. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ते छातीत उतरते. आणि १०८ नंबर फिरवून गाडी बोलवा. इथे घटका-घटकेला मोल आहे.

घरचे उपाय: काय खरे, काय खोटे?

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असे पुष्कळ लोक मानतात. खिशातला कांदा ऊन अडवत नाही. तो भाकरीबरोबर खा, तेवढीच चव. कांद्याच्या भरवशावर पाणी प्यायचे मात्र सोडू नका.

कैरीचे पन्हे, ताक, लिंबाचे सरबत ही आपली जुनी पेये चांगली आहेत. त्यांत पाणी आहे, मीठ आहे. काहीच नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट प्यावे.

कपड्याच्या बाबतीत आपल्या कष्टकरी बायकांचे शहाणपण घेण्यासारखे आहे. शेतात जाताना त्या लुगड्यावर नवऱ्याचा जुना, लांब बाह्यांचा सदरा चढवतात. डोक्याला फडके बांधतात. त्याने ऊन अडते, आणि उसाचे पाते लागून हातही कापत नाहीत. सुती, सैल, फिकट रंगाचा कपडा सगळ्यांत चांगला. गड्यांचा पटका, मुंडासे हेही असेच उपयोगी. टोपी गेली, पटका गेला, आणि पोरे बोडक्या डोक्याने हिंडू लागली. ही सुधारणा नव्हे.

आपली सावली पाहायला शिका. सावली आपल्या उंचीपेक्षा लहान झाली की ऊन कडक झाले असे समजा. अवजड काम सकाळी लवकर उरकावे आणि उरलेले दिवस कलल्यावर करावे. मजूर म्हणेल, "गुरुजी, वेळ काय आमच्या हातात आहे?" खरे आहे. पण चौघे मिळून मुकादमाशी बोलू शकता. रोजगार हमीच्या कामावर प्यायचे पाणी, विसाव्याला सावली आणि औषधाची पेटी असली पाहिजे, असे २००५ सालच्या कायद्यात लिहिले गेले. पाणी आणि सावली मागणे म्हणजे भीक मागणे नव्हे.

नळीतला गोरेपणा

रंगाच्या भीतीवर बाजारात मोठा धंदा चालतो. गोरे करणारी मलमे गल्लोगल्ली मिळतात. काहींत पारा असतो. पारा कातडीतून अंगात भिनतो आणि मूत्रपिंड बिघडवतो. २०२३ साली महाराष्ट्रात आणि केरळात अशी प्रकरणे उघडकीस आली. दुसरी काही मलमे स्टिरॉइडची असतात. ती खरे तर कातडीच्या रोगावरची औषधे. ती रोज तोंडाला फासली तर आधी चेहरा उजळल्यासारखा वाटतो. पुढे कातडी पातळ होते, लाल होते, पुटकुळ्या उठतात, उन्हाची आग सोसत नाही. सोडावे तर त्रास वाढतो. २०१८ साली सरकारने अशी कितीतरी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली.

बायांनो, आता तुम्हाला वाचता येऊ लागले आहे. त्याचा उपयोग इथे करा. नळीवर करणाऱ्याचे नाव आणि पत्ता आहे का? आत काय काय घातले आहे ते छापले आहे का? नसेल तर दुकानदाराला परत द्या. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही नावे दिसली तर डॉक्टरांना विचारल्यावाचून लावू नका. अक्षर इंग्रजी असेल तर घरातल्या शाळकरी पोराला वाचायला सांगा. यात लाज कसली?

ऊन अगदीच नको का?

तसेही नाही. ऊन अंगावर पडले की कातडीत ड जीवनसत्त्व तयार होते. त्याने हाडे बळकट होतात. ते न मिळाले तर लहान मुलांना मुडदूस होतो, बायांची हाडे दुखतात. सूर्य उगवतानाच्या कोवळ्या उन्हाने ऊब मिळते, पण हे जीवनसत्त्व फार थोडे बनते. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ उन्हात बसावे. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जरा जास्त वेळ लागतो. काळी पडेल म्हणून मुलीला घरात कोंडून ठेवतात, तेव्हा तिची हाडे उपाशी राहतात, हे आईबापांनी ओळखावे.

पंढरीचा विठोबा सावळा आहे. त्याच्या पायांवर डोके ठेवायला आपण कोसच्या कोस चालत जातो. पिकवणाऱ्या जमिनीला आपण काळी आई म्हणतो. मग सून पाहायला गेलो की पहिला प्रश्न रंगाचा का? मुलगी निरोगी आहे का, शिकली आहे का, हे विचारावे. उन्हाला जरूर जपावे. पण जपायचे ते जिवाला, रंगाला नव्हे.

प्रश्न

१. ऊन लागल्यावर कातडी का रापते?
२. दमट हवेत कमी पाऱ्यातही धोका का असतो?
३. उष्माघात झालेल्या माणसाला बेशुद्धीत पाणी का पाजू नये?
४. घरात एखादे मलम असेल तर त्याच्या नळीवर काय लिहिले आहे ते वाचा आणि वहीत उतरवून आणा.
५. "काळी पडशील" याऐवजी मुलामुलींना काय सांगाल? दोन वाक्ये लिहा.