बोटांची ५६ हाडे

धम्मात शरीराच्या ३२ अंगांचे चिंतन सांगितले आहे. त्यात 'अट्ठि' म्हणजे हाडे येतात. आपण बोटांची हाडे मोजून पाहू. अंगठ्यात २, इतर बोटांत ३-३. एका हातात १४. पायाच्या बोटांतही साधारणतः हीच मांडणी. एकूण ५६. जात पाहून हा आकडा बदलत नाही.

या हाडांविषयी एक गैरसमज आहे: कुष्ठरोगाने बोटे झडून पडतात. ते खरे नाही. रोगजंतू नसांना इजा करतात. बोट बधिर होते, भाजले-कापले तरी कळत नाही. जखम चिघळत राहते व आतले हाड झिजून बोट आखूड होते. वेळीच उपचार घेतल्यास हे टळते. ६ ते १२ महिन्यांची औषधे सरकारी व महापालिका दवाखान्यांत मोफत मिळतात.

'उदान' या ग्रंथात सुप्पबुद्ध नावाच्या कुष्ठरोग्याची कथा आहे. अन्नाच्या आशेने तो सभेकडे आला. भगवंतांनी त्याला धम्म सांगितला. आपल्या देशात मात्र कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ पर्यंत कायद्यात होते.

पार्ल्यात आपल्या शेजारी कोणाच्या अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला, तर त्याला टाळू नये. सोबत घेऊन दवाखान्यात जावे. कायानुपस्सनेचा हाच बोध आम्हांस महत्त्वाचा वाटतो.