मेंटेनन्स थांबवला, तिथेच चुकलो

वर्धेजवळच्या बोरगाव मेघेतल्या सोळा फ्लॅटच्या सोसायटीत मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वी जुलैत झड लागली आणि बेडरूमच्या छताला ओल आली. आधी तळहाताएवढा डाग, मग पंख्याच्या हुकातून थेंब. पलंग सरकवून खाली घमेलं ठेवायचं आणि पहाटे ते रिकामं करायचं, असं आठ-दहा दिवस चाललं.

सेक्रेटरींना सांगितलं. मिस्त्री आला, भेगेत केमिकल भरून गेला. पुढच्या झडीत पुन्हा तेच. असं तीनदा झालं आणि दर वेळी बिल 25 हजारांच्या आत. त्या आकड्याचा अर्थ मला उशिरा कळला. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 25 पर्यंत सभासदांच्या संस्थेत समिती स्वतःच्या अधिकारात एका वेळी तेवढाच खर्च करू शकते. त्यापुढे सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. सभेपुढे जायचं टाळलं गेलं आणि पैसे मलमपट्टीवर गेले.

सप्टेंबरच्या सभेत मी विषय काढला, तर तळमजल्यावरचे एक काका म्हणाले, "गच्ची तुमच्या डोक्यावर हाये भाऊ, आमी काऊन पैसे द्यायचे?" माझं डोकं फिरलं. त्या महिन्यापासून मेंटेनन्स भरणं बंद केलं. बायको सांगत होती, भरून टाका, ऐकलं नाही.

अकरा महिन्यांनी वसुलीची नोटीस आली. उपविधींप्रमाणे थकबाकीवर वार्षिक 21 टक्क्यांपर्यंत व्याज लागतं आणि सहकार कायद्याच्या कलम 154ब-29 खाली वसुलीचा दाखलाही निघू शकतो. पण पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच होतं. भांडण गळतीचं होतं, ते थकबाकीचं झालं. मी तोंड उघडलं की "आधी पैसे भरा". माझ्या बाजूने बोलणारी दोन घरंही गप्प झाली.

सहकार खात्यातून निवृत्त झालेल्या एका ओळखीच्या गृहस्थांनी मला समोर बसवून सांगितलं: पैसे भर आणि सोबत लेखी हरकत दे. व्याजासकट सगळं भरलं, हरकतीच्या पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलेल्या शंभर फोटोंनी जे हललं नव्हतं, ते या एका पानाने हललं. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते, म्हणून ऑगस्टमध्येच विषयपत्रिकेसाठी अर्ज दिला. मागणी एकच: आधी गच्चीची चाचणी करा, मग खर्चाचं बोलू.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर पन्हाळीचं तोंड बंद करून गच्चीवर चार बोटं पाणी दोन दिवस साठवलं. मी खाली छतावर ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढत होतो आणि शेजारी वेळ लिहीत होतो. दोन जागा सापडल्या: डिश अँटेनासाठी कोबा फोडून मारलेले बोल्ट, आणि पन्हाळीजवळ रुजलेलं पिंपळाचं रोप. खिडकीखालच्या भिंतीलाही ओल यायची, ती भिंत मात्र दोन्ही दिवस कोरडी राहिली. ती ओल माझ्याच कूलरची होती. वर्धेच्या उन्हाळ्यात कूलर दिवसरात्र चालतो. स्टँडवरून टपकणारं पाणी प्लास्टरमध्ये मुरलं होतं आणि मी ते सोसायटीच्या नावावर टाकत होतो. सभेत मी हे आपणहून सांगितलं. त्यानंतर लोक माझं ऐकू लागले.

उपविधी याबाबत स्पष्ट आहेत. पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपांची गळती संस्थेच्या खर्चाने. आपल्या संडास-बाथरूमची, सिंकची आपल्या खर्चाने. लिफ्टचा खर्च तळमजल्यावरचाही सभासद देतो, गच्चीचंही तसंच आहे. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.75 टक्के जमवायचा असतो. आमच्याकडे तो वर्षानुवर्षं जमवलाच नव्हता, म्हणून डिसेंबरच्या विशेष सभेत वर्गणी काढावी लागली.

तुमची इमारत सोसायटी नसून 1970च्या अपार्टमेंट कायद्याखाली असेल तर हिशोब बदलतो. तिथे घोषणापत्रात लिहिलेल्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे खर्च वाटला जातो. खरेदीखतासोबतचे कागद आधी काढून पाहा. आणि दाद मागायची वेळ आलीच तर दार चुकवू नका. इतिवृत्ताची किंवा हिशोबाची प्रत देत नसतील तर निबंधकांकडे जा. गळती आणि दुरुस्तीचा वाद मात्र सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयाचा आहे. चुकीच्या कचेरीत फाइल अडकते आणि तोवर पुढचा पावसाळा येतो.

तीन दरपत्रकं मागवली, जुना कोबा उखडून नवा टाकला. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता पहिल्या झडीनंतर द्यायचा, ही अट मी ठरावात आग्रहाने घालून घेतली.

यंदा जूनच्या अखेरीस झड लागली. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरचे काका छत्री घेऊन वर आले, चप्पल दाराशी काढली, आणि बेडरूममध्ये पंख्याच्या हुकाकडे मान वर करून बराच वेळ पाहत उभे राहिले.