इंधनांतील तांब्याचा माग

घोडेगावाहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या ज्या मोटारी शिनोलीवरून धांवतात, त्यांच्या टाकींत आज निव्वळ पेट्रोल नसतें. उसाच्या रसापासून, मळीपासून अथवा धान्यापासून काढलेलें इथेनॉल, म्हणजेच मद्यार्क, त्यांत मिसळलेलें असतें. हें इथेनॉल यंत्रांतून व नळ्यांतून येतांना तांब्या-पितळेचा सूक्ष्म अंश बरोबर आणूं शकतें. अंश तो केवढा, त्याची एवढी चिंता कशाला, असें कोणी म्हणेल. परंतु तांबें येथें उत्प्रेरक होतें. स्वतः न सरतां तें पेट्रोलाचा प्राणवायूशीं संयोग त्वरेनें घडवितें, आणि डिंकासारखा चिकट पदार्थ बनून इंजिनाच्या बारीक वाटा बुजूं लागतात. म्हणून पेट्रोलांत मिसळावयाच्या इथेनॉलाच्या एका किलोग्रॅममध्यें तांबें ०.१ मिलिग्रॅमहून अधिक नसावें, असें भारतीय मानकानें ठरविलें आहे. म्हणजे एक कोट भागांत एक भाग! हें कोणता तराजू तोलील?

येथें वीज उपयोगी पडते. द्रवांतील धातु विजेनें ओळखण्याच्या या विद्येचा पाया १९२२ सालीं प्राग येथें यारोस्लाव्ह हेरोव्हस्की यांनीं थेंबथेंब गळणाऱ्या पाऱ्याच्या साहाय्यानें घातला. १९५९ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

खळ्यावर विखुरलेलें धान्य आपण आधीं रास करून मग पायलीनें मोजतों. येथेंही युक्ति तीच. इथेनॉलांत पाणी व थोडें आम्ल मिसळून त्यांत विद्युदग्रें बुडवितात. एका अग्राला ऋण दाब देऊन द्रव कांहीं मिनिटें ढवळीत राहिलें, म्हणजे तांबें त्यावर मुलाम्यासारखें जमतें. मग ढवळणें थांबवून दाब हळूहळू धन बाजूकडे नेतात. ठराविक दाबाला जमलेलें तांबें पुन्हां द्रवांत उतरतें, आणि त्या वेळीं विजेचा प्रवाह एकदम उसळतो. शिसें असल्यास तें तांब्याच्या आधींच उतरतें; त्यामुळें दोहोंची गल्लत होत नाहीं.

निव्वळ पेट्रोल पाण्यांत मिसळत नाहीं व वीजही वाहूं देत नाहीं. तेथें धातु आधीं आम्लाच्या पाण्यांत उतरवून घ्यावा लागतो. पूर्वीं पेट्रोलांत शिसें मुद्दाम घालीत, आणि त्याचा धूर मुलांच्या मेंदूस बाधे. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशांत सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल विकलें जाऊं लागलें.

आतां तांबें किती, हें कसें कळावें? ही रीत मला विशेष आवडते. समजा, उसळीची उंची ४ घरें भरली. त्याच द्रवांत १ मायक्रोग्रॅम तांबें आपण होऊन टाकलें, आणि उंची ८ घरें झाली. तर मूळचें तांबेंही १ मायक्रोग्रॅमच होतें. उंची ६ घरेंच झाली असती तर? हें उत्तर विद्यार्थ्यांनीं घरीं काढून पाहावें.