वणवा आणि नदीतले भोवरे



गोरेगावच्या आरे कॉलनीतील टेकड्यांवर पावसाळ्यात जिकडेतिकडे गवत उगवते आणि पुढे हिवाळ्यात ते वाळते. ३ डिसेंबर २०१८ रोजी संध्याकाळी तेथे मोठा वणवा लागला होता. याच आरेतून मिठी नदी वाहते. पावसाळ्यात तिचे पाणी भोवरे घेत, उसळत धावते. अशा प्रवाहाला संक्षुब्ध प्रवाह म्हणतात. आग आणि पाणी यांचे तर हाडवैर! मग वणव्यावरून भोवऱ्यांचा अभ्यास कसा करणार?

१९९० साली पर बाक, कान चेन आणि चाओ तांग या शास्त्रज्ञांनी त्यासाठी वणव्याचे एक सोपे प्रतिमान, म्हणजे मॉडेल, मांडले. तुम्हीही ते करून पाहा. चौकटीच्या वहीत उभी दहा व आडवी दहा घरे आखा. साधारण साठ घरांत कशाही फुल्या मारा. फुली म्हणजे झाड. एका फुलीवर लाल ठिपका द्या. ते झाड पेटले. आता दर फेरीला तीन नियम पाळा :

१. पेटलेले झाड जळून जाते व घर रिकामे होते.
२. त्याच्या वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे झाड असेल तर ते पेटते.
३. आधीपासून रिकाम्या असलेल्या प्रत्येक घरासाठी दोन फासे टाका. दोन्हींवर सहा पडले तरच तेथे नवे झाड उगवते.

आग विझली तर नवी ठिणगी टाका. ड्रॉसेल आणि श्वाबल यांनी १९९२ साली प्रतिमानात वीज पडण्याची अशीच सोय केली.

संगणकावर मोठी जाळी घेतली की एक गोष्ट स्पष्ट दिसते. झाडे सगळीकडे सारखीच, सावकाश उगवतात. पण आग मात्र अरुंद, वेड्यावाकड्या पट्ट्यांतच असते. नदीचेही तसेच आहे. उतारामुळे साऱ्या प्रवाहाला ऊर्जा मिळते. मोठे भोवरे फुटून लहान होतात आणि शेवटी पाण्यातील अंतर्गत घर्षणाने त्या ऊर्जेची उष्णता होते. हा व्ययही सर्वत्र सारखा नसतो. तो विखुरलेल्या, बारीक जागी एकवटतो.

मात्र साम्य म्हणजे पुरावा नव्हे. १९९१ साली ग्रासबर्गर आणि कांट्झ यांनी मोठ्या जाळीवर गणना केली. झाडांची वाढ फारच मंद ठेवली, तेव्हा आगीच्या रांगा बऱ्याच नियमित, सर्पिल झाल्या. म्हणजे मूळ प्रतिमान संक्षुब्ध प्रवाहाशी पूर्णपणे जुळत नाही. प्रतिमान कोठे जुळते आणि कोठे तुटते, हे दोन्ही तपासावे लागते. तुम्हीही फाशांचा नियम बदला आणि आगीचे पट्टे कसे बदलतात ते वहीत नोंदवा.