म्हातारपण कोणते आणि रोग कोणता

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील कोणत्याही खेड्यात एखाद्या वृद्धास प्रकृती कशी आहे असे विचारले, तर बहुधा एकच उत्तर मिळते : "आता वय झालं, चालायचंच." डोळ्यांस दिसेनासे झाले, वय झाले. चालताना तोल गेला, वय झाले. खोकला महिनाभर राहिला, तरी वयच झाले. हे उत्तर सोशिकपणाचे दिसते खरे. परंतु या दोन शब्दांनी आपल्या वडील माणसांचे फार नुकसान केले आहे असे आम्हांस वाटते. केस पिकणे, कातडी सैल पडणे, चाल मंदावणे ही वयाची कामे होत. पण वयाबरोबर जे जे येते ते सर्व वयच असते असे नाही. त्यात पुष्कळसा रोग असतो, आणि रोगास पुष्कळदा उपाय असतो. हा भेद कसा ओळखावा हे आज पाहू.

प्रथम डोळे घेऊ, कारण याची साक्ष आपल्याच मुलखात आहे. डॉ. विल्यम वॉनलेस हे १८८९ साली हिंदुस्थानात आले व १८९४ साली त्यांनी मिरजेस रुग्णालय उघडले. तेथे दूरदूरच्या गावांहून माणसे येत, आणि त्यांत मोतीबिंदूचे रोगी पुष्कळ असत. ज्यास दुसऱ्याने हात धरून आणले, तो आपल्या वाटेने आपण परत जाई. त्याचे वय काही कमी झाले नव्हते. केवळ डोळ्यातील गढूळ झालेले भिंग काढले होते. आज तर त्या जागी कृत्रिम भिंग बसवितात, आणि रोगी बहुधा त्याच दिवशी घरी जातो. सरकारी रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते. असे असूनही "मोतीबिंदू अजून पिकला नाही", "थंडी येऊ द्या" असे म्हणून लोक वर्षे घालवितात. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत भिंग पिकण्याची वाट पाहत असत. आता ती गरज उरली नाही, आणि ऋतूचाही काही संबंध नाही. उलट फार पिकलेला बिंदू काढणे अधिक कठीण. डोळ्यात घालावयाच्या कोणत्याही थेंबांनी तो विरघळत नाही, हेही लक्षात ठेवावे. दुसरा रोग काचबिंदू. त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही, मात्र उरलेली राखता येते. म्हणून चाळिशीनंतर डोळे अधूनमधून तपासून घेणे अवश्य आहे.

अंधुक डोळ्यांमागून पडणे येते. एली याजकाची गोष्ट वाचकांस ठाऊक आहेच : ९८ वर्षांचे वय, दृष्टी गेलेली, शरीर जड, आणि आसनावरून मागे पडून मान मोडली. आपल्या घरांत आसनाची जागा उंबरठा, शेवाळलेली न्हाणी आणि रात्रीचे अंधारे अंगण घेते. वृद्धपणी हाडे ठिसूळ होतात. खुब्याचे हाड मोडले की धडधाकट मनुष्यही अंथरुणास खिळतो, आणि मग छातीचा विकार, पाठीवरच्या जखमा ही सारी मागून येतात. न्हाणीत खरबरीत फरशी, भिंतीस धरावयास एक दांडी आणि रात्री जळता दिवा, एवढ्याचा खर्च तो काय!

पण पडण्याचे मोठे कारण पायांतील शक्ती जाणे हे आहे, आणि येथे आम्हांस मुलांसुनांशी दोन शब्द बोलावयाचे आहेत. "आबा, पुष्कळ कष्ट केलेत, आता बसून खा," असे आपण प्रेमाने म्हणतो, हातातील बादलीही काढून घेतो. ज्याने चाळीस वर्षे ऊस व हळद लाविली, त्यास बाजल्यावर बसविले की त्याच्या मांड्या वर्षभरात सुकतात. स्नायू कोणत्याही वयात कामाने वाढतो व बसण्याने झडतो. म्हणून वडिलांस झेपेल ते काम करू द्यावे. रोज अर्धा तास चालावे. हात न टेकता खुर्चीवरून दहा वेळा उठावे व बसावे. खांब धरून एका पायावर थोडा वेळ उभे राहावे. ज्यास छातीत दुखते वा धाप लागते, त्याने आधी डॉक्टरांस विचारावे.

कामाबरोबर अन्न हवे. दात पडले की पुष्कळ म्हाताऱ्या बाया चहात भाकरी कुस्करून दिवस काढितात. त्याने पोट भरते, स्नायूस काही मिळत नाही. हुलग्याचे माडगे, मऊ शिजविलेली मटकी, ताक, अंडे, यांस दात लागत नाहीत. तहानही वृद्धास कमी कळते. चैत्र-वैशाखात ती लागण्याची वाट न पाहता पाणी पीत जावे. ज्यास हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारासाठी पाणी मोजून पिण्यास सांगितले आहे, त्याने ते प्रमाण पाळावे.

आता जो दुखत नाही त्या रोगाविषयी. रक्तदाब वाढला तर बहुधा काहीच कळत नाही. डोके दुखेल तेव्हा पाहू असे म्हणणारा फसतो. आरोग्य उपकेंद्रात तो फुकट मोजतात. १४० व ९० या आकड्यांपैकी एकही वरचेवर ओलांडला जात असेल तर उपचार हवा. गोळी सुरू झाली आणि आकडा खाली आला की "बरे झाले" म्हणून ती सोडणारे आमच्या पाहण्यात पुष्कळ आहेत. आकडा खाली आहे तो गोळीमुळे! मिठाचेही तसेच. दिवसाचे सगळे मिळून एक लहान चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅमहून कमी मीठ पुरे. खर्डा, लोणचे, पापड यांतून ते न कळत पोटात जाते. शेंगदाण्याची चटणी सोडावी असे आम्ही म्हणत नाही; तीत मीठ हलक्या हाताने घालावे.

मधुमेहही असाच मुका. त्यात पायांची जाणीव जाते, काटा रुतलेला कळत नाही, आणि जखम चिघळून कधी पाय कापावा लागतो. अशा मनुष्याने अनवाणी शेतात जाऊ नये व रोज रात्री तळपाय कोणाकडून पाहवून घ्यावेत.

मिश्रीविषयी बोलणे अप्रिय आहे, तरी बोलतो. तव्यावर जाळलेली तंबाखू ती तंबाखूच. दात घासण्याचे निमित्त होते, मग दिवसातून चार वेळा बोट डबीकडे जाते. त्याने तोंडाचा कर्करोग होतो. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, किंवा दोन आठवड्यांत न भरलेला व्रण दिसला तर तो दाखवावाच. दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्यासाठी थुंकी तपासून घ्यावी. क्षयरोगाची तपासणी व औषध सरकारी केंद्रात विनामूल्य आहे.

मंडळीच्या उपदेशकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी, कारण रात्री-अपरात्री लोक त्यांच्याच दारी येतात. बोलता बोलता एखाद्याचे तोंड वाकडे झाले, एक हात उचलेना, किंवा शब्द अडखळू लागले, तर तो अर्धांगवायूचा झटका समजावा. तेल चोळीत बसू नये, पाणी वा गोळी तोंडात घालू नये. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ते सर्वत्र मिळत नाही. लक्षणे कोणत्या वेळी दिसली ते लिहून घ्यावे, १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा, मेंदूचे छायाचित्र काढण्याची सोय जेथे आहे अशाच रुग्णालयात नेण्यास सांगावे. आणि रात्र असली तरी उजाडण्याची वाट पाहू नये.