वाईट स्वप्ने आणि स्वतःवरची दया



२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या घरांत व दुकानांत शिरले. चिखल धुऊन निघाला. पण ज्याने असे पाणी चढताना पाहिले, त्याच्या स्वप्नात ते पुन्हा चढू शकते. कुणाला अपघात दिसतो, कुणाला गेलेले माणूस.

अशा वेळी आपण स्वतःलाच बोल लावतो : 'माझी श्रद्धा कमी पडते', 'देवाची ही शिक्षा असेल', 'कुणी करणी केली असेल'. बंधू-भगिनींनो, पापाला मनाची संमती लागते. झोपेत ती देता येत नाही. म्हणून वाईट स्वप्न हे पाप नव्हे. ख्रिस्तसभेच्या रात्रप्रार्थनेतील एका प्राचीन लॅटिन गीतात दुःस्वप्नांपासून रक्षण मागितले आहे. म्हणजे ही भीती संतांनाही ठाऊक होती.

एलिया संदेष्टा जीव वाचवण्यासाठी पळाला आणि झुडपाखाली बसून मरण मागू लागला (१ राजे १९). देवदूत त्याला रागावला नाही. त्याने भाकर व पाणी दिले, पुन्हा झोपू दिले. उपदेश नंतर, आधी दया! संत थॉमस अक्वायनस यांनीही दुःखावरच्या उपायांत अश्रू, मित्राची सहानुभूती, झोप आणि स्नान यांचा समावेश केला आहे.

दिवसा दडपलेली भीती रात्री डोके वर काढू शकते. म्हणून पुढील गोष्टी करू या :

१) भीतीला नाव देऊ या : 'प्रभू, मला पाण्याची भीती वाटते.'
२) घाबरलेल्या लेकराशी बोलतो, तसे स्वतःशी बोलू या. शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती करायची, तर स्वतःचा तिरस्कार कसा चालेल?
३) दिवसाउजेडी स्वप्नाचा शेवट बदलून लिहू या आणि रोज थोडा वेळ तो डोळ्यांपुढे आणू या. मानसोपचारातही ही पद्धत वापरतात.

तरीही झोप येत नसेल, स्वप्ने थांबत नसतील किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटण्यात कमीपणा नाही. आपल्या रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. १४४१६ या 'टेली-मानस' क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. प्रार्थना आणि औषध एकमेकांचे वैरी नाहीत.

चिंतनासाठी : या आठवड्यात घरातले कुणी रात्री दचकून उठले, तर आपण त्याला हसणार, की पाणी देऊन जवळ बसणार?