गुडघा दुखतोय, पण खुबा बघा

माझ्या डाव्या खुब्यात स्क्रू आहे, तेरा वर्षांचा असताना बसवलेला. आमच्या लोणी गावात अजून विचारतात, कुठं पडला होतास? पडलो नव्हतो. वजन फार होतं.

आमचा आंबेगाव तालुक्याचा पूर्व पट्टा पाण्यासाठी तरसलेला. दुष्काळ काढलेल्या माणसांना भरल्या अंगाचं पोर बघून बरं वाटतं. आजी कौतुकानं म्हणायची, पोरगं हाडापेरानं मजबूत आहे. अंगावर मांस चढलं की हाडही तेवढंच पक्कं होतं, ही समजूत घरोघरी आहे, आणि तीच घात करते.

सातवीत गुडघा दुखायला लागला. गुडघ्याचा एक्सरे स्वच्छ आला. मग मलम झालं, तेल झालं, 'वाढीचं दुखणं आहे, जाईल' हेही झालं. पुढं पंगतीत मांडी घालता येईना, चालताना पाऊल बाहेर वळायला लागलं. शेवटी मंचरला एका डॉक्टरांनी मला उताणं झोपवून गुडघा छातीकडे दुमडला. मांडी सरळ वर येईना, आपोआप बाहेर फाकली. त्यांनी गुडघा सोडून खुब्याचा एक्सरे काढायला लावला, आणि दुखणं तिथंच सापडलं.

वाढत्या वयात मांडीच्या हाडाचा गोळा आणि त्याची मान यांच्यामध्ये कूर्चेची पट्टी असते. हाड तिथूनच वाढतं, म्हणून ती कच्ची असते. दहा ते सोळा या वयात जास्त भार पडला की गोळा त्या पट्टीवरून घसरू शकतो. वजन हे त्याचं मोठं कारण. काहींना थायरॉइडसारख्या हार्मोनच्या दोषानंही होतं. खुब्याची कळ गुडघ्यात उतरते, त्यामुळे सगळे भलतीकडेच शोधत बसतात. गोळा आणखी घसरला तर त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो आणि खुबा कायमचा जाऊ शकतो.

म्हणून कळकळीनं सांगतो. जाड मुलगा किंवा मुलगी गुडघा, मांडी, जांघ दुखते म्हणत लंगडत असेल, तर दोन्ही खुब्यांचे एक्सरे काढून घ्या, समोरून आणि बाजूनंही. हाडवैद्याकडे पाय ओढून घेऊ नका, मालिश नको. पाय टेकवतच नसेल तर त्याला चालवू नका, उचलून गाडीत घाला आणि त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांकडे न्या. एका बाजूला झालं की दुसऱ्या बाजूलाही होऊ शकतं, त्यामुळे वाढ पुरी होईपर्यंत तपासण्या चुकवायच्या नाहीत.

खुबा निभावला तरी बाकीची हाडं आहेतच. हाड बळकट होतं ते स्नायूंच्या ओढीनं, चरबीनं नाही. जड मूल पडलं की मनगटावर आदळणारा भारही जास्त. ड जीवनसत्त्व चरबीत अडकून राहतं, रक्तात कमी उतरतं. आणि आयुष्यभर पुरायची हाडांची बहुतेक पुंजी विशीच्या आतच जमते.

तरी पोराला उपाशी मारू नका. झटपट वजन उतरवलं की हाडंही झिजतात. तेरा ते पंधरा वयाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. मोठ्या पेलाभर दुधात सुमारे 300 असतं, आणि आमच्याकडे सकाळचं दूध डेअरीला जातं, पोरांच्या वाट्याला चहा-खारी येते. मला याचं फार वाईट वाटतं. दोन पेले घरात ठेवा. आपल्याच तालुक्याच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या अंगाला नाचणी पिकते. तिच्या 100 ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असतं. बाजरीबरोबर आठवड्यातून काही दिवस तीही थापा.

वजन नजरेनं ठरवू नका. पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर आणि सहकाऱ्यांनी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्ससाठी 2015 मध्ये आपल्या मुलांचे वाढीचे तक्ते केले आहेत. उंची-वजन मोजून त्यावर मुलाची जागा बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा. जाड मुलाचा खुबा ठीक आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, की त्याला कबड्डीला, पळायला, शेतात कामाला बिनधास्त पाठवा.